अल्प-आसंजक पृष्ठभाग

प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी भांड्याच्या तळाला न चिकटता एकमेकींना चिकटाव्यात आणि त्यांचे त्रिमितीय गोळे (स्फेरॉइड) बनावेत, यासाठी तयार केलेला पृष्ठभाग.

नेहमीच्या पॉलिस्टायरिन ताटलीचा तळ प्लाझ्मा-प्रक्रियेने जलस्नेही केलेला असतो. पेशींच्या माध्यमात मिसळलेल्या रक्तरसातील फायब्रोनेक्टिन, व्हिट्रोनेक्टिन ही प्रथिने त्यावर बसतात, पेशीपटलावरील इंटिग्रिने त्यांना धरतात आणि पेशी पसरते. अल्प-आसंजक लेप पाणी धरून ठेवतो, त्यामुळे प्रथिनांना बसायला जागाच मिळत नाही.

या पद्धतीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. काही जण श्रेय होल्टफ्रेटर यांच्या उभयचर गर्भपेशींवरील कामाला (सु. १९४४) देतात, तर काही ॲरन मॉस्कोना यांना. सदरलँड व सहकाऱ्यांनी १९७०च्या सुमारास चिनी हॅम्स्टरच्या व्ही-७९ पेशींचे गोळे वाढवले, पण ते ढवळत्या फ्लास्कमध्ये. तिथे पेशींना सुटे ठेवण्याचे काम गतीने केले, पृष्ठभागाने नव्हे. म्हणून युहास व सहकाऱ्यांची १९७७ मधील अगरने (समुद्रशैवालापासूनच्या जेलीसारख्या पदार्थाने) लेपित ताटली हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पॉलिहेमा या पाणी शोषणाऱ्या बहुलकाचा (पॉलिमरचा) लेप १९७८ मध्ये फोकमन व ॲन मॉस्कोना यांनी वापरला. लेप जितका जाड, तितकी पेशी गोल आणि तिचे डीएनए-संश्लेषण मंद, असे त्यांना आढळले. हे बहुलक मुळात विख्टरले व लिम यांच्या जलजेलांच्या कामातून (१९६०) आले. मऊ स्पर्शभिंगेही (कॉन्टॅक्ट लेन्स) त्याचीच.

गोळ्याचा व्यास साधारण अर्धा मिलिमीटर झाला की गाभ्यात ऑक्सिजन पोचत नाही आणि तेथील पेशी मरतात. अर्बुदाचे (कर्करोगाच्या गाठीचे) प्रतिरूप म्हणून हेच उपयोगी पडते: औषध आत किती शिरते ते कळते. मात्र निरोगी उपकला (अवयवांचे अस्तर बनवणाऱ्या) पेशी आधार सुटताच अ‍ॅनॉइकिस या पेशीमृत्यूच्या प्रकाराने मरतात (फ्रिश व फ्रान्सिस, १९९४), म्हणून येथे टिकलेल्या पेशी सर्वसामान्य मानू नयेत.

तयार लेपित ताटल्या महाग पडत असतील तर अ‍ॅगॅरोजचा मार्ग सोपा. पाण्यात किंवा माध्यमात १ ते १.५ टक्के अ‍ॅगॅरोज उकळून ९६ कप्प्यांच्या ताटलीत ओततात. थिजताना कडा वर चढून मधे खोलगट तळ होतो आणि प्रत्येक कप्प्यात बहुधा एकच गोळा जमतो. (घरच्या चायना ग्रासवर (स्वयंपाकातील अगरवर) प्रयोग करू नये, अ‍ॅगॅरोज हा अगरचा शुद्ध केलेला घटक आहे.) पेशीमालिका (प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवलेले पेशींचे वाण) पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून मागवता येतात.