तर्री, साबण आणि फेसाचा गैरसमज

तांबड्या रश्श्याचे पातेले नुसत्या पाण्याने कितीही विसळले तरी तर्री कडेला चिकटून राहते, हे कोल्हापुरात कोणाला सांगायला नको. तेलाचे पाण्याशी वैर आहे, असे याचे कारण सर्रास सांगितले जाते. वास्तविक पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना इतके धरून असतात की त्यांच्यात तेलाच्या रेणूंना शिरकावच मिळत नाही.

साबण इथे मध्यस्थी करतो. सोडियम स्टिअरेट या नेहमीच्या साबणद्रव्याच्या रेणूला ऋणभारित, जलस्नेही डोके आणि 17 कार्बन अणूंची जलविरोधी शेपटी असते. शेपट्या तर्रीत रुततात, डोकी पाण्यात राहतात आणि तेल व पाणी यांच्या सीमेवरचा ताण घटतो. साबणाचे पाणी भांड्याच्या पृष्ठभागावरही पसरू लागल्याने तेलाचा पातळ थर कडेने आत सरकतो, हळूहळू गोलाकार होतो आणि घासणीच्या एका फटक्याने सुटतो. सुटलेल्या थेंबांभोवती ऋणभारित डोक्यांचे कवच असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात व पुन्हा भांड्यावर बसत नाहीत.

पाण्यातील साबणाचे प्रमाण एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, की जास्तीचे रेणू शेपट्या आत व डोकी बाहेर करून काही नॅनोमीटर आकाराचे पुंजके बांधतात. त्यांना मिसेल म्हणतात. तेलाचे काही रेणू त्यांच्या पोटातही सामावतात. मात्र या मर्यादेनंतर पाण्याचा पृष्ठताण आणखी फारसा उतरत नाही, त्यामुळे मूठभर पावडर वाढवून त्या प्रमाणात स्वच्छता वाढत नाही. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छता हाही गैरसमजच; फेस म्हणजे तर साबणाच्या पडद्यात अडकलेली हवा. वॉशिंग मशीनची पावडर मुद्दाम कमी फेसाची करतात आणि तरीही कपडे स्वच्छ निघतात. ‘केमिकल-फ्री’ साबणाची जाहिरात याहून विनोदी आहे, कारण तेलावर कॉस्टिक सोड्याची अभिक्रिया झाल्याशिवाय अंगाच्या साबणाची वडी बनतच नाही.

बोअरच्या दुष्फेन (जड) पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे आयन स्टिअरेटला पकडतात आणि न विरघळणारा पांढरट साका बादलीला चिकटतो. डिटर्जंटमध्ये साबणाच्या कार्बोक्झिलेट डोक्याऐवजी सल्फोनेटचे किंवा सल्फेटचे डोके असते. त्याचे कॅल्शियम क्षार त्यामानाने अधिक विद्राव्य असल्याने तेच बोअरचे पाणी डिटर्जंटला बरेच कमी अडवते.