रॉयल क्रेसेंट, क्रमांक १

इंग्लंडमधील बाथ शहरातील रॉयल क्रेसेंट या चंद्रकोरीच्या आकाराच्या गृहपंक्तीतील पूर्वेकडचे पहिले घर. ब्रिटिश गादीवर एकामागून एक चार जॉर्ज राजे आले, त्या काळातील (१७१४–१८३०) वास्तुशैलीला जॉर्जियन म्हणतात. नगरातील घर त्या शैलीत कसे बांधले जाई, याचा हे घर उत्तम नमुना आहे. सामाईक भिंतींनी जोडलेल्या घरांच्या अशा रांगेला इंग्रजीत ‘टेरेस’ म्हणतात. मराठीत रूढ झालेल्या ‘टेरेस’चा, म्हणजे गच्चीचा, येथे संबंध नाही.

धाकटा जॉन वुड या वास्तुविशारदाने आखलेल्या या पंक्तीचे काम १७६७ मध्ये याच घरापासून सुरू झाले आणि १७७४ च्या सुमारास पुरे झाले. तिच्यात ३० घरे आहेत. परंतु समोरच्या हिरवळीवरून पाहिल्यास एकच विशाल राजवाडा उभा असल्याचा भास होतो. तळमजला मुद्दाम साधा ठेवलेला असून त्याच्या माथ्यावरून ११४ आयोनिक (माथ्याशी गुंडाळीसारखी वेटोळी असलेल्या, ग्रीक धाटणीच्या) स्तंभांची ओळ वरचे दोन मजले व्यापून जाते, आणि त्यावरील कठड्यामागे उतरते छप्पर बरेचसे झाकले जाते. दर्शनी भागासाठी मधाच्या रंगाचा, स्थानिक खाणींतील चुनखडीचा घडीव दगड वापरला आहे.

या वास्तुरचनेचे खरे मर्म मात्र दर्शनी भिंतीच्या मागे आहे. घर घेणारा त्या भिंतीचा ठरावीक लांबीचा तुकडा विकत घेई आणि त्यामागे आपल्या गरजेप्रमाणे, आपल्या वास्तुविशारदाकडून घर बांधून घेई. त्यामुळे समोरून काटेकोर एकसारखी दिसणारी ही पंक्ती मागून पाहिली, तर छपरांची उंची, खिडक्यांच्या जागा, भिंतींची मागे-पुढे असलेली रेषा यांपैकी काहीच जुळत नाही. मागची बाजू पाहुण्यांच्या नजरेस पडायची नसल्याने तिच्यावर खर्च करण्याचे कारणही नव्हते.

आतली मांडणी मजल्यागणिक बदलते. क्रमांक १ मध्ये तळमजल्यावर बैठकीची खोली व भोजनकक्ष आहेत, तर पाहुण्यांच्या सरबराईचा दिवाणखाना पहिल्या मजल्यावर आहे. जॉर्जियन घरात मजल्याची प्रतिष्ठा बहुधा खिडक्यांच्या उंचीवरून ओळखता येते: मुख्य मजल्यावर त्या उंच असतात आणि वर जावे तशा आखूड होतात. वरखाली सरकणाऱ्या या खिडक्यांची लहान लहान तावदाने लाकडी पट्ट्यांत बसवलेली असत. नोकरांचा वावर तळघर, माळा आणि स्वतंत्र जिना यांपुरता राखला जाई.

हे घर विकत घेऊन १९६८ मध्ये बाथ प्रिझर्व्हेशन ट्रस्ट या शहराचा वास्तुवारसा जपणाऱ्या संस्थेला देण्यात आले आणि जीर्णोद्धारानंतर तेथे संग्रहालय सुरू झाले. स्वयंपाकघर व नोकरांच्या खोल्या असलेला शेजारचा भाग (क्रमांक १अ) विसाव्या शतकात मूळ घरापासून तुटला होता. तो २०१३ मध्ये पुन्हा जोडण्यात आला.