शुगरच्या गोळ्या आणि आखडलेला खांदा

आमची लालबागची आत्या करी रोडला गाडीत चढली की आधी वरचं हॅन्डल पकडायची, गेल्या वर्षी तिचा हातच वर जाईना, ब्लाउजचा हूक तर लांबची गोष्ट. सगळे म्हणाले वय झालं, बाम लाव. बारा वर्षांची शुगर आहे हे कुणी खांद्याशी जोडलंच नाही, मीसुद्धा नाही, आणि याचं मला अजून वाईट वाटतं.

टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, ती बनते कोलॅजनच्या धाग्यांची. रक्तात साखर वाढलेली राहिली की ती या धाग्यांना चिकटते, धागे एकमेकांत अडकतात, दोरी ताठ होते आणि सांध्याभोवतीचं आवरणही. शुगरच्या एचबीए१सी या रक्ताच्या टेस्टमध्ये लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखरच तर मोजतात! पण लाल पेशी १२० दिवसांत नवी येते, टेंडनचं कोलॅजन मात्र वर्षानुवर्षं तेच राहतं, त्यामुळे रिपोर्ट सुधारला तरी खांदा लगेच सुटत नाही. फ्रोझन शोल्डर, म्हणजे असा आखडलेला खांदा, डायबेटिसवाल्यांत इतरांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो तो यामुळेच असावा.

मग गोळ्यांचं काय? मेटफॉर्मिन या शुगरच्या नेहमीच्या गोळीने उंदरांच्या टेंडनमधली सूज कमी झालेली दिसलीय, पण म्हणून ती खांद्याचं औषध होत नाही, तिचा खरा फायदा शुगर आटोक्यात ठेवण्याचाच. सिटाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन या शुगरच्या गोळ्यांच्या गटाबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१५ मध्ये सांगितलं की काही जणांना सांधे जबरदस्त दुखू शकतात, गोळी सुरू केल्यावर दुसऱ्या दिवशी किंवा वर्षांनीसुद्धा. त्यामुळे नवीन गोळीनंतर दुखणं सुरू झालं तर डॉक्टरांना तारखेसकट सांगा, पण गोळी मनानेच बंद करू नका प्लीज, वाढलेली शुगर टेंडनला आणखी वाईट. सेमाग्लुटाइड या शुगरच्या औषधाने वजन उतरतं तेव्हा चरबीसोबत थोडे स्नायूही जातात आणि खांदा तर स्नायूंच्याच जोरावर जागेवर राहतो, म्हणून प्रोटीन आणि हलका व्यायाम हवाच. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिवोफ्लॉक्सासिन ही शुगरची औषधं नाहीत, अँटिबायोटिक्स आहेत, पण त्यांनी टेंडन तुटू शकतो, शुगरही वरखाली होते, तेव्हा केमिस्टकडून आपल्या मनाने घेऊ नका.

आत्याला शेवटी खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. त्याने काही दिवस शुगर चढते हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून आम्ही रोज ग्लुकोमीटर लावला आणि घाबरलो नाही. आता ती रोज भिंतीवर बोटं वर वर चालवत नेते, परवा ट्यूबलाइटच्या बटणापर्यंत पोचली.