जिम मॉरिसन अनाथ नव्हता

'द डोअर्स' या अमेरिकी रॉक बँडचा गायक जिम मॉरिसन अनाथ होता, असं अजूनही कुठे कुठे वाचायला मिळतं. ही थाप मूळची त्याचीच. १९६७ मध्ये रेकॉर्ड कंपनीने काढलेल्या परिचयात त्याने आईवडील हयात नसल्याचं ठोकून दिलं. वडील जॉर्ज स्टीफन मॉरिसन तर अमेरिकी नौदलातले बडे अधिकारी. अमेरिकेला व्हिएतनाम युद्धात खोल ओढणाऱ्या १९६४ च्या टोंकिन आखात प्रकरणात तिथली अमेरिकी जहाजं त्यांच्याच हाताखाली होती. (आणि मुलगा युद्धविरोधी पिढीचा लाडका!) वह्या कवितांनी भरणाऱ्या पोराने बँड काढल्यावर, गाण्याचा नाद सोड, असं पत्र त्यांनी धाडलं होतं. दुरावा खरा, पोरकेपण खोटं. जिम १९७१ मध्ये पॅरिसला वारला. वडील २००८ मध्ये. त्याच्या थडग्यावरची ग्रीक ओळ वडिलांनीच बसवून घेतली.