जुनी लष्करी बोल्ट-ॲक्शन रायफल घेऊन सीएमपीच्या सामन्यात उतरायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

अमेरिकेत महायुद्धांच्या काळातल्या रायफली आजही रीतसर सामन्यांत चालवल्या जातात. सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम, म्हणजे सीएमपी, हे सामने भरवते. सगळ्यात मोठा मेळा ओहायोत, लेक एरीच्या काठावर कॅम्प पेरीला. राष्ट्रीय सामन्यांचं तिथलं नातं १९०७ पासूनचं. बोल्ट-ॲक्शनवाल्यांसाठी (म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हातानं बोल्ट मागे-पुढे करून पुढची भरायची रायफल) स्प्रिंगफील्ड सामना आहे (एम१९०३ आणि एम१९०३ए३), व्हिंटेज मिलिटरी आहे (माउझर, ली-एनफील्ड, मोसिन-नागांत, स्विस के३१ वगैरे) आणि जोडीनं खेळायचा व्हिंटेज स्नायपर आहे, ३०० आणि ६०० यार्डांवर. पहिल्या दोन्हींचं नेहमीचं स्वरूप २०० यार्ड, ३० फैरी, ३०० गुण: दहा पडून सावकाश, दहा पडून जलद, दहा उभ्यानं.

नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "लायसन्स कुठून काढायचं?" सामन्यासाठी असं एक लायसन्स नसतंच. पात्रता तीन ठिकाणी तपासली जाते: तुमची खेळाडू म्हणून, तुमची बंदूक बाळगणारा म्हणून, आणि खुद्द रायफलची.

खेळाडूची पात्रता सोपी. सीएमपीच्या ऑनलाइन नोंदणी व्यवस्थेत खातं उघडायचं, सामना निवडायचा, शुल्क भरायचं आणि प्रतिज्ञापत्रावर सही करायची. त्यात तुम्ही लिहून देता की गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेलो नाही, केंद्रीय शस्त्र कायद्याच्या कलम ९२२ चा भंग केल्याबद्दल शिक्षा झालेली नाही, आणि अमेरिकी सरकार बळानं उलथवण्याचा पुरस्कार करणाऱ्या कुठल्याही संघटनेचा सदस्य नाही. शेवटची अट वाचून हसू येईल, पण ती संस्थेच्या मूळ कायद्यातच आहे. सोबत जोखीम स्वीकारल्याचा करार असतो. अल्पवयीन खेळाडूसाठी पालकाची सही लागते.

आपल्या लोकांची गाडी अडते ती दुसऱ्या टप्प्यावर. ग्रीन कार्ड असेल तर केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही. पण एच-१बी, एल-१, एफ-१ अशा व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच मनाई आहे. मित्राची रायफल रेंजवर हातात घेतली तरी ते बाळगणंच. यातून कायदेशीर वाट आहे: एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. प्रत्यक्ष शिकार करायची सक्ती नाही, पण परवाना मुदतीतला हवा. बहुतेक राज्यांत त्याआधी शिकारी सुरक्षा प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं, म्हणून सामन्याच्या तारखेआधी पुरेसा वेळ हाताशी ठेवा. मुदत संपली की सवलतही संपते, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. व्हिसा नूतनीकरण चालू असेल, तर रायफलीला हात लावण्याआधी वकिलाला विचारलेलं बरं.

भारतातून किंवा दुसऱ्या देशातून स्वतःची रायफल घेऊन फक्त सामन्यापुरतं येणाऱ्यांसाठी एटीएफचा (शस्त्रांवर देखरेख करणारी केंद्रीय संस्था) '६एनआयए' नावाचा तात्पुरत्या आयातीचा अर्ज असतो. त्याला सामन्याचं निमंत्रण किंवा नोंदणीची पावती जोडता येते. मंजुरी हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका.

रायफल विकत घ्यायची तर परवानाधारक विक्रेत्याकडे फॉर्म ४४७३ भरायचा, सरकारी ओळखपत्र दाखवायचं. मग एफबीआयच्या यंत्रणेत पार्श्वभूमी तपासली जाते. लांब नळीच्या बंदुकीसाठी वय किमान १८. व्हिसाधारकानं शिकार परवान्याची प्रत जोडायची. राज्याचे नियम वेगळे: इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड (बंदूकमालकाचं राज्य ओळखपत्र), न्यू जर्सीत खरेदीदार ओळखपत्र आधी लागतं. सीएमपी स्वतःही लष्कराच्या जुन्या रायफली विकते, पण फक्त अमेरिकी नागरिकांना. नागरिकत्वाचा आणि वयाचा पुरावा, संलग्न क्लबचं सदस्यत्व, नेमबाजी किंवा शस्त्रप्रशिक्षणाचा दाखला एवढं त्यांना द्यावं लागतं. बोल्ट-ॲक्शन मात्र त्यांच्याकडे आता क्वचितच मिळते, एम१ गॅरंड ही अर्धस्वयंचलित रायफलच जास्त.

जुन्या रायफली जमवायचा नादच लागला, तर 'क्युरिओ अँड रेलिक' परवाना काढा: वय २१, तीन वर्षांसाठी ३० डॉलर. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्थितीतली रायफल मग दुसऱ्या राज्यातूनही थेट घरी मागवता येते, राज्याचा कायदा आड येत नसेल तर. बदल्यात प्रत्येक खरेदी-विक्रीची नोंद वहीत ठेवावी लागते. हा परवाना धंद्यासाठी नाही.

आता रायफल. नियमाचा गाभा एकच: सैनिकाला जशी दिली होती तशी. दुर्बीण नाही (स्नायपर सामना सोडून), नेमाची साधनं मूळ नमुन्याची, दस्त्यात इपॉक्सी भरून केलेलं बेडिंग (रायफल दस्त्यात घट्ट बसवणं) नाही. कुणीतरी हौसेनं 'सुधारलेली' स्वस्त रायफल घेतली की इथेच बाद. ट्रिगर हलका केलेलाही चालत नाही. तपासणीच्या टेबलावर रिकामी रायफल कॉक करून, नळी वर करून धरतात, ट्रिगरला साडेतीन पौंडांचं वजन अडकवतात आणि वजन टेबलावरून उचलतात. खटका पडला की रायफल परत. घरी हीच चाचणी आधी करून पाहा. घासलेले जुने भाग ऐन वेळी दगा देतात.

स्प्रिंगफील्ड घेताना अनुक्रमांक बघितल्याशिवाय पैसे मोजू नका. स्प्रिंगफील्ड आर्मरी या सरकारी कारखान्याच्या ८ लाखांखालच्या आणि रॉक आयलंड कारखान्याच्या साधारण २ लाख ८५ हजारांखालच्या क्रमांकाच्या रायफलींचे रिसीव्हर (बोल्ट ज्यात बसतो तो मुख्य धातूचा भाग) चुकीच्या उष्णताप्रक्रियेमुळे ठिसूळ निघाले होते, काही फुटलेही. त्या भिंतीवर शोभतात; चालवू नयेत असं सीएमपीच सांगते. निवड करता येत असेल, तर ए३ घ्या असं माझं मत. तिची मागची छिद्राची साइट डोळ्याजवळ असते. चाळिशीनंतर फरक लगेच कळतो.

सामन्याच्या दिवशी ओळखपत्र, नोंदणीची पावती, लागू असेल तर शिकार परवाना किंवा आयात मंजुरी, यांच्या मूळ प्रती जवळ ठेवा. चेंबर रिकामं असल्याची खूण दाखवणारी प्लास्टिकची काडी, कानाचं आणि डोळ्यांचं संरक्षण लागतंच. पाच-पाच काडतुसांच्या क्लिपा आधीच भरून ठेवा: जलद फैरीत स्प्रिंगफील्डचं मॅगझिन पाचावर संपतं आणि घड्याळ चालूच असतं. सुरक्षा सूचनांची बैठक चुकवली तर फायरिंग लाइनवर प्रवेश मिळेल असं धरून चालू नका.