निदान कुणी करायचं आणि कशावरून : मनाच्या आजारांमागची पार्श्वभूमी

नैराश्य, चिंतारोग, पॅनिक ॲटॅक, ओसीडी हे शब्द आता कोल्हापुरात कुणाला फोड करून सांगावे लागत नाहीत. या आजारांची लक्षणं मोबाईलवर सगळ्यांनीच वाचलेली असतात. मात्र निदान होतं कसं, हे अजून बहुतेकांना कोडंच वाटतं. रक्त तपासलं तर त्यात नैराश्य दिसत नाही, स्कॅनमध्ये चिंता दिसत नाही. डॉक्टर वीसेक मिनिटं बोलतात आणि कागदावर एका आजाराचं नाव लिहितात. दाराबाहेर आलेले नातेवाईक एकमेकांना विचारतात, 'ह्यांनी कशावरून ठरवलं?' प्रश्न रास्त आहे.

या शहराला त्याची झळ फार पूर्वी लागली आहे. १८८०च्या आसपास इथल्या तरुण छत्रपतींना इंग्रज सरकारनं वेडं ठरवलं. राज्याचा कारभार रीजंटच्या, म्हणजे राजाच्या वतीनं कारभार बघणाऱ्याच्या, हाती गेला आणि महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. २५ डिसेंबर १८८३ रोजी तिथं एका गोऱ्या पहारेकऱ्याशी झटापट झाली आणि त्यात विशीतल्या महाराजांचा अंत झाला. त्याआधी, १८८२ मध्ये, या प्रकरणात कारभाऱ्यांवर लिहिल्याबद्दल पुण्याचे दोन संपादक तुरुंगात जाऊन आले होते. महाराज मुळात आजारी होते, छळामुळं तसे झाले, की त्यांना वेडं ठरवणं कुणाच्या तरी सोयीचं होतं, यावर इथं आजही दोन मतं ऐकू येतात. निदान तपासून बघायची सर्वमान्य कसोटी त्या काळी नव्हतीच. अधिकार ज्याच्या हाती, त्याचं मत हेच निदान.

पुढं १९१२चा वेड्यांसंबंधीचा कायदा आला आणि तो थेट १९८७च्या कायद्यापर्यंत चालला. मनोरुग्णालयं होती ती पुणे, ठाणे, नागपूर आणि आंबा घाट उतरून रत्नागिरीला. तिथं पोहोचायचा तो गंभीर आजाराचा माणूस, तोही घरच्यांनी हात टेकल्यावर. आज ज्यांना आपण सर्वसाधारण मानसिक आजार म्हणतो, त्यांचा या व्यवस्थेशी संबंधच येत नसे. झोप उडालेला, जेवण तुटलेला, उगाच रडणारा माणूस घरातच असायचा. त्याला टॉनिक मिळायचं, नाहीतर 'बाहेरचं बघायला' नेलं जायचं.

कसोटीचा शोध खऱ्या अर्थानं दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाला. आजारांच्या जागतिक वर्गीकरणात मनाच्या आजारांना स्वतंत्र विभाग मिळाला तो १९४८च्या सहाव्या आवृत्तीत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची स्वतःची निदानपुस्तिका १९५२ मध्ये निघाली. पण दोन्हींतली वर्णनं इतकी ढोबळ होती, की एकच रुग्ण दोन डॉक्टरांनी तपासला तर दोन आजार निघत. साठीच्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्क आणि लंडनच्या रुग्णांची एकाच पद्धतीनं फेरतपासणी झाली. न्यूयॉर्कचे डॉक्टर ज्यांना सर्रास स्किझोफ्रेनिया म्हणत होते, त्यांतल्या कित्येकांना लंडनमध्ये मनोवस्थेचा, म्हणजे मूडचा, विकार म्हटलं गेलं असतं, असं त्यातून दिसलं. आजार तोच, समुद्र ओलांडला की नाव बदलायचं.

या गोंधळाला उत्तर म्हणून १९८० मध्ये अमेरिकन पुस्तिकेची तिसरी आवृत्ती आली. तिनं 'का झालं' हा प्रश्न बाजूला ठेवला. लक्षणं कोणती, किती, किती दिवस आणि त्यानं रोजच्या जगण्यात किती अडतंय, एवढंच मोजायचं. नैराश्याची कसोटी याच चौकटीत पुढं अशी पक्की झाली : नऊ लक्षणांची यादी, त्यांतली किमान पाच, सलग दोन आठवडे, दिवसाचा बराचसा वेळ, जवळपास रोज. त्या पाचांत मन उदास असणं किंवा कशातच गोडी न वाटणं, यांपैकी एक तरी हवंच. सततच्या चिंतेच्या आजाराला पुढं सहा महिन्यांची अट लागली. मंत्रचळात, म्हणजे ओसीडीत, दिवसाचा तासाहून जास्त वेळ त्या विचारांत आणि कृतींत जातो का हे बघायचं. आज डॉक्टर कागदावर नाव लिहितात ते यावरून.

ही यादी वाचायला सोपी आणि वापरायला अवघड आहे. आमच्याकडची बाई 'मला उदास वाटतं' असं म्हणत दवाखान्यात येत नाही. ती सांगते, 'डॉक्टर, डोक्याला मुंग्या येत्यात, छातीत धडधडतंय, हातापायाची आग हुती, अंगात त्राणच न्हाई.' गावातला डॉक्टर बीपी बघतो, ईसीजी काढतो, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगतो. हे बरोबरच आहे. थायरॉईड मंदावला, रक्त कमी झालं किंवा बी-१२ घटलं तरी माणूस असाच गळून जातो, आणि ते वगळल्याशिवाय मनाच्या आजाराचं नाव घेऊ नये. अडचण पुढं होते. रिपोर्ट नॉर्मल आले की 'काही नाही, टेन्शन घेऊ नका' म्हणून विषय मिटतो. खरं तर चौकशी तिथून सुरू व्हायला हवी. 'उदास वाटतं का?' विचारलं तर ती 'न्हाई' म्हणेल. 'यंदा बेंदराला पुरणपोळी करावीशी वाटली का? शेजारणीकडं जाऊन बसता का? पहाटे किती वाजता जाग येते?' असं विचारलं की यादीतली लक्षणं एकेक करून समोर येतात. १९९९ मध्ये आलेली नऊ प्रश्नांची, सत्तावीस गुणांची प्रश्नावली आज सगळीकडं वापरतात. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले तर नीट तपासा, एवढाच तिचा अर्थ. ती चाळणी आहे. मोबाईलवर ती भरून 'मला डिप्रेशन आहे' असं ठरवणं आणि तिच्या आकड्यावर थेट गोळी लिहून देणं, दोन्ही घातक.

आता ज्या निर्णयावर सगळ्यात जास्त भांडण झालं त्याकडं येतो. तो आपल्या जिल्ह्याला विशेष लागू पडतो.

१९८०च्या पुस्तिकेत एक सवलत होती. जवळचं माणूस गेलं असेल आणि त्यानंतर नैराश्याची सगळी लक्षणं दिसत असतील, तर तो शोक समजावा, आजार म्हणू नये. १९९४च्या आवृत्तीनं या सवलतीला दोन महिन्यांची मुदत घातली. त्या दोन महिन्यांतही मरणाचे विचार, आपण कवडीमोल आहोत ही भावना, भ्रम किंवा हालचाल मंदावणं दिसलं तर सवलत लागू नाही, असंही लिहिलं. २०१३च्या पाचव्या आवृत्तीत ही सवलत पूर्ण काढून टाकली. म्हणजे कागदोपत्री, नवरा जाऊन पंधरा दिवस झालेल्या बाईला नैराश्याचं निदान देता येतं.

त्यावर जगभर काहूर उठलं. एका नामवंत ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकानं २०१२ मध्येच संपादकीय लिहून विरोध केला होता. आधीच्या आवृत्तीचं काम ज्यांनी पाहिलं, त्या तज्ज्ञांनीही जाहीर टीका केली. शोकाला आजार बनवून औषधकंपन्यांना बाजार मिळवून देताय, हा मुख्य आरोप. समितीतल्या बऱ्याच सदस्यांचे कंपन्यांशी आर्थिक संबंध होते, त्यामुळं तो आरोप झटकून टाकण्यासारखा नव्हता.

बदल करणाऱ्यांचं म्हणणंही ऐकायला हवं. सवलत फक्त मृत्यूला का? ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगा-कृष्णेच्या पाण्यात शिरोळ, करवीरच्या ज्या माणसाचं घर, जनावरं, उभा ऊस गेला, तशा माणसाच्या दुःखाला जुन्या आवृत्त्यांतही ही सवलत कधीच नव्हती. त्याला दोन आठवड्यांनी आजारी म्हणता येत होतं. नोकरी गेलेल्याला, घटस्फोट झालेल्यालाही. एक गट म्हणाला, मग सगळ्याच नुकसानांना सवलत द्या. दुसरा म्हणाला, कुणालाच नको, कारण दुःखाचं कारण माहीत असलं म्हणून आजार आजार राहत नाही असं थोडंच आहे? दुसऱ्या गटाचं चाललं.

मला तो निर्णय योग्य वाटतो, आणि त्याचं कारण इथलंच आहे. आपल्याकडं शोकाला आधार देणारी मोठी व्यवस्था आहे. रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर गाव जमतं, पैपाहुणे दुखवटा काढायला येतात, उत्तरकार्य होतं, वर्षभर सणाला गोडधोड टाळलं जातं, मग वर्षश्राद्ध. माणसाला सावरायला याचा उपयोग होतो. पण याच व्यवस्थेत विधवेचं दुःख कायमचं गृहीत धरलं गेलं. ती जेवत नाही, बोलत नाही, कोपरा सोडत नाही, तर 'होणारच की, नवरा गेलाय तिचा.' वर्ष गेलं, दोन वर्षं गेली तरी तेच. सहानुभूतीचं हे वाक्य उपचाराच्या आड येतं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. त्याची चर्चा सामाजिक सुधारणा म्हणून झाली, ती व्हायलाच हवी होती. मानसिक आरोग्याच्या बाजूनंही तो ठराव तितकाच मोलाचा आहे. हिचं आयुष्य संपलं असं ज्या विधींनी गावासमोर जाहीर व्हायचं, ते विधी शोकाच्या पहिल्याच दिवशी तिच्या मनात 'मी आता काही कामाची नाही' हे पेरत होते. आणि हेच वाक्य तज्ज्ञ शोक आणि नैराश्य वेगळं करताना शोधत असतात.

ते वेगळं करतात कसं? शोक उमाळ्यानं येतो. फोटो दिसला, त्याच्या आवडीचा पदार्थ ताटात आला की भरून येतं, मग ओसरतं, मधे नातवंडाच्या बोलण्यावर हसूही येतं. गेलेल्या माणसाची ओढ असते, पण स्वतःबद्दलचा मान शाबूत असतो. नैराश्यात ओसरणं नसतं. सगळं सपाट होतं आणि रोख स्वतःवर वळतो. 'त्यांच्याकडं जावंसं वाटतं' आणि 'माझी जगायची लायकी नाही' या दोन वाक्यांत फरक आहे, आणि दोन्ही ऐकली तरी थांबून विचारायला हवं. २०१३च्या पुस्तिकेनं सवलत काढताना हा विवेक डॉक्टरवर सोपवला, आणि रुग्णाचा पूर्वेतिहास व त्याच्या समाजाची दुःख व्यक्त करण्याची रीत बघा, अशी टीपही जोडली. खरी अडचण इथं आहे. सोमवारी गच्च भरलेल्या सरकारी ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला जी मिनिटं येतात, त्यांत हा विवेक करायचा कसा? सवलत काढणं बरोबर होतं, ती काढताना गृहीत धरलेला वेळ मात्र आपल्याकडं कधीच नव्हता.

उलट बाजूनं, लांबलेल्या शोकाला आता स्वतंत्र निदान मिळालं आहे. जागतिक वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात त्यासाठी किमान सहा महिने, आणि त्या समाजाच्या रूढीपेक्षा स्पष्टपणे जास्त, अशी अट आहे. अमेरिकन पुस्तिकेच्या २०२२च्या सुधारित आवृत्तीत प्रौढांसाठी बारा महिने. वर्षश्राद्धापर्यंत थांबणाऱ्या समाजाला बारा महिन्यांची अट जवळची वाटेल.

रूढीचा हा विचार अकराव्या आवृत्तीत आणखी एका ठिकाणी आहे. अंगात येण्याचा विकार तिनं मान्य केला, पण समाजानं स्वीकारलेल्या धार्मिक प्रथेचा भाग म्हणून जे घडतं ते त्यातून वगळलं. जत्रेत ढोल वाजताना अंगात येणारी बाई रुग्ण नव्हे. घरी, नको असताना, पुन्हापुन्हा, त्रास होईल असं अंगात येत असेल तर तपासायला हवं. अशा बाईला भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं हा तर २०१३च्या राज्याच्या कायद्यानं गुन्हाच आहे.

कायद्याच्या बाजूनं मोठं वळण आलं ते २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं. तो २९ मे २०१८ रोजी लागू झाला. साखळीनं बांधण्यावर त्यानं बंदी घातली, विम्यात शारीरिक आणि मानसिक आजारांत भेद करता येणार नाही असं सांगितलं, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला लावलं. पण मला त्यातलं तिसरं कलम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मानसिक आजार ठरवायचा तो मान्यताप्राप्त वैद्यकीय कसोट्यांवरच. राजकीय, आर्थिक किंवा सामाजिक स्थान, जात, धर्म यांवरून नाही, समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक वा राजकीय मूल्यांशी पटत नाही म्हणूनही नाही. पूर्वी कधी उपचार झाले होते, एवढ्यावरून आजही आजारी ठरवता येत नाही. सासरच्यांनी जुना केसपेपर दाखवून सुनेला 'वेडी' म्हणायचं, हे आपल्याकडं नवीन नाही. ते कलम अशा प्रत्येक सुनेनं वाचलेलं असावं.

व्याप्तीचे आकडे द्यायचे तर २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा आधार घ्यावा लागतो. त्यात १२ राज्यं होती आणि महाराष्ट्र त्यांत नव्हता. प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांबाहेर होते. गेल्या दशकभरातली बहुतेक धोरणं याच आकड्यांवर उभी आहेत. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ ही मोफत फोनसेवा सुरू झाली, ती त्यांतलीच एक. रात्री-बेरात्री कुणाशी तरी बोलायला ती उपयोगी आहे आणि नंबर घरात लिहून ठेवावा असाच आहे. पण थायरॉईड तपासून, घरच्यांशी बोलून, दोन आठवड्यांनी पुन्हा बघून निदान पक्कं करायचं तर माणूस समोर लागतो. गगनबावड्याच्या बाईला त्यासाठी आजही पंचावन्न किलोमीटरवरचं कोल्हापूर गाठावं लागतं. दर महिन्याला, दिवसाची मजुरी बुडवून, बहुतेक वेळा घरातल्या एकाला सोबत घेऊन.