दंडात्मक करआकारणी

सरकारच्या किंवा बहुमताच्या रोषास पात्र ठरलेल्या गटाला अद्दल घडवण्यासाठी बसवलेला कर. कायद्यात त्याला कर म्हटलेले असते आणि वसुलीही कराप्रमाणेच होते. परिणाम मात्र दंडाचा असतो. दंड करायचा तर आरोप, पुरावा व सुनावणी लागते. कराला यांतले काहीच लागत नाही, आणि हीच या प्रकारातील खरी धोक्याची बाजू होय. अमेरिका व भारत या दोन्ही देशांच्या संविधानांत दंडात्मक कराला नाव घेऊन मनाई करणारे कलम नाही. मर्यादा न्यायालयांनी समता, अभिव्यक्तिस्वातंत्र्य, रीतसर न्यायप्रक्रिया अशा निरनिराळ्या तरतुदींतून घडवल्या आहेत.

उगम : तेराव्या शतकात इंग्लंडच्या राजांनी ज्यूंवर बसवलेल्या ‘टॅलेज’ या आकारणीपर्यंत हा उगम मागे नेता येतो. मात्र ज्यू हे त्या काळी राजाच्या खास ताब्यातील प्रजाजन मानले जात व त्यांच्याकडून पैसा काढणे हा राजाच्या नेहमीच्या उत्पन्नाचाच भाग होता. त्यातून शिक्षेचा हेतू निराळा काढणे अवघड आहे. आधुनिक अर्थाने पहिले स्पष्ट उदाहरण म्हणून, राजसत्ता उलथल्यानंतर इंग्लंडचा सत्ताधीश झालेल्या ऑलिव्हर क्रॉमवेलच्या १६५५ च्या ‘डेसिमेशन’ कराकडे पाहणे अधिक सयुक्तिक वाटते. त्या वर्षी मार्चमध्ये राजनिष्ठांचा (पदच्युत राजघराण्याच्या पक्षपात्यांचा) उठाव फसला. त्यानंतर जमिनीचे वार्षिक उत्पन्न १०० पौंडांहून अधिक असलेल्या राजनिष्ठांकडून त्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा घेण्यात आला. उठावात भाग घेतला होता की नाही, हे पाहिले गेले नाही. जानेवारी १६५७ मध्ये पार्लमेंटने हा कर पुढे चालू ठेवण्यास नकार दिला. १६५२ च्या माफीच्या कायद्याने ज्यांना अभय मिळाले त्यांनाच पुन्हा शिक्षा होते, हा त्या चर्चेतला आक्षेप पुढील सर्व वादाचे बीज ठरला. कॅथलिकांच्या बाबतीत मात्र पार्लमेंटने असा संकोच दाखवला नाही. १६९२ पासून निष्ठेची शपथ न घेणाऱ्या कॅथलिकांना जमीनकर दुप्पट होता आणि १७२३ मध्ये, पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला गादीवर बसवण्यासाठी रचलेल्या अ‍ॅटरबरी कटानंतर, त्यांच्यावर एकत्रितपणे १ लाख पौंडांचा बोजा टाकण्यात आला.

याला समांतर दुसरा धागा ‘बिल ऑफ अटेन्डर’ या कायदेप्रकाराचा. न्यायालयात खटला न चालवता विधिमंडळानेच विशिष्ट व्यक्तीला दोषी ठरवून शिक्षा देणारा हा कायदा. त्याच्या प्रारंभकाळाविषयी मतभेद आहेत. १३२१ मध्ये राजा दुसरा एडवर्ड याच्या मर्जीतील डिस्पेन्सर पितापुत्रांविरुद्ध झालेली कारवाई काही अभ्यासक आद्य मानतात. तथापि मालमत्तेची जप्ती व वारसांचा हक्क बुडवणारे ‘रक्तदूषण’ या दोहोंसह त्याचा साचा १४५९ च्या कॉव्हेंट्री येथील पार्लमेंटमध्ये पक्का झालेला दिसतो. मृत्युदंडाहून सौम्य शिक्षा असल्यास त्याला ‘बिल ऑफ पेन्स अँड पेनल्टीज’ म्हणत. अमेरिकेच्या संविधानातील पहिल्या अनुच्छेदाचे नववे व दहावे कलम अनुक्रमे काँग्रेसला व राज्यांना असे कायदे करण्यास मनाई करतात. या मनाईत सौम्य प्रकारही येतो, हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘कमिंग्ज विरुद्ध मिसूरी’ (१८६७) या निकालात स्पष्ट केले.

संविधानिक लगाम नसला म्हणजे काय होते, याचा दाखला म्हणून तुर्कस्तानच्या ११ नोव्हेंबर १९४२ च्या संपत्तिकराचा उल्लेख करणे आवश्यक आहे. कायद्याच्या मजकुरात धर्माचा शब्दही नव्हता. आकारणी समित्यांच्या याद्यांत मात्र करदात्यांच्या वर्गवारीसाठी अक्षरे होती : ‘एम’ म्हणजे मुस्लिम, ‘जी’ म्हणजे मुस्लिमेतर, ‘ई’ म्हणजे परदेशी, ‘डी’ म्हणजे ज्यू धर्मातून आलेले मुस्लिम. समितीचा आकडा अंतिम असे, अपील नसे, भरण्यास पंधरा दिवस मिळत. ज्यांना रक्कम भरता आली नाही त्यांच्या मालमत्तेचे लिलाव झाले व अनेकांना अश्कले येथील श्रमछावणीत पाठवण्यात आले. हे सारे मुस्लिमेतर होते. मार्च १९४४ मध्ये कर रद्द झाला.

अमेरिकी न्यायालयांपुढील मुख्य प्रश्न : कर ‘शिक्षा’ केव्हा ठरतो? प्रारंभी न्यायालये हेतूत शिरत नसत. पिवळ्या रंगाच्या मार्गरीनवर (लोण्याला पर्यायी पदार्थ) पौंडामागे १० सेंट आणि बिनरंगी मार्गरीनवर पाव सेंट अशी आकारणी ‘मॅक्रे’ (१९०४) खटल्यात टिकली. ती लोणीउत्पादकांच्या सोयीची होती हे उघड असूनही. १९२२ मध्ये बालमजुरीवरील १० टक्के कर मात्र ‘कर नव्हे, दंड’ म्हणून रद्द झाला. १९४६ च्या ‘लोव्हेट’ निकालात तीन नाव घेतलेल्या सरकारी नोकरांचा पगार थांबवणारी अर्थसंकल्पीय तरतूद बिल ऑफ अटेन्डर ठरली. खिशाला लावलेली कात्रीही शिक्षा असू शकते, हे त्यातून प्रस्थापित झाले. माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या कागदपत्रांविषयीच्या १९७७ च्या निकालाने तीन कसोट्या मांडल्या : ती कृती इतिहासात शिक्षा मानली जाई काय, शिक्षेखेरीज तिला दुसरे रास्त प्रयोजन आहे काय, आणि विधिमंडळाच्या नोंदींत शिक्षेचा हेतू दिसतो काय. ऐतिहासिक यादीत मृत्युदंड, कैद, हद्दपारी यांबरोबर ‘दंडात्मक जप्ती’ आहे. कराचा दर इतका चढवला की तो जप्तीच ठरावा, तर तो याच शब्दात बसतो. दुसरी कसोटी मात्र सरकारला फार सहज पार करता येते, कारण महसूल हे प्रयोजन कोणत्याही कराला चिकटवता येते.

याचा कस २००९ मध्ये लागता लागता राहिला. सरकारी मदतीवर तगलेल्या एआयजी या विमा कंपनीने सुमारे १६.५ कोटी डॉलरचे बोनस दिल्यावर प्रतिनिधिगृहाने १९ मार्च रोजी ३२८ विरुद्ध ९३ मतांनी ९० टक्के कराचे विधेयक संमत केले. ५ अब्ज डॉलरहून अधिक मदत घेतलेल्या संस्थांमधील उच्च उत्पन्नगटातील कर्मचाऱ्यांच्या आधीच दिलेल्या बोनसांनाही ते लागू होणार होते. सिनेटने ते पुढे नेले नाही. विधेयकात कोणाचे नाव नव्हते व निकष सर्वसाधारण होते, म्हणून ते टिकले असते, असे एक मत. दर, पूर्वलक्षी लागूकरण आणि सभागृहातील संतापाची भाषा एकत्र पाहता दुसरे, विरोधी मत अधिक वजनदार वाटते. ज्यांच्याविषयी कोणालाच सहानुभूती नव्हती अशा लोकांच्या बाबतीतच हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो.

वृत्तपत्रांच्या बाबतीत कायदा बराच स्पष्ट आहे. लुइझियानाने १९३४ मध्ये तेथील बलाढ्य राजकीय नेता ह्यूई लाँगच्या प्रभावाखाली आठवड्याला २०,००० हून अधिक खप असलेल्या वृत्तपत्रांच्या जाहिरात उत्पन्नावर २ टक्के कर बसवला. तेरा वृत्तपत्रे त्यात सापडली. त्यांतील बारा लाँगची विरोधक होती. ‘ग्रोजीन’ (१९३६) निकालात हा कर एकमताने रद्द झाला. पुढे १९८३ मध्ये मिनेसोटाचा शाई व कागदावरील कर रद्द करताना न्यायालयाने वाईट हेतू सिद्ध करण्याचीही अट ठेवली नाही; मोजक्या वृत्तपत्रांवर भार पडणे पुरेसे मानले.

भारत : अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या अधिकाराविना कर नाही, आणि तो कायदाही मूलभूत हक्कांच्या कसोटीला उतरावा लागतो. त्रावणकोर-कोचीनचा एकरी २ रुपयांचा सरसकट जमीनकर १९६१ मध्ये (मूपिल नायर) अनुच्छेद १४ (समतेचा हक्क) खाली रद्द झाला. जंगलजमिनीचे उत्पन्न न पाहता केलेल्या आकारणीला न्यायालयाने जप्तीसमान मानले. पूर्वलक्षी शिक्षेस मनाई करणारा अनुच्छेद २० फौजदारी गुन्ह्यांपुरता असल्याने पूर्वलक्षी कर सामान्यतः टिकतो. वृत्तपत्री कागदावरील आयातशुल्काच्या १९८४ च्या इंडियन एक्सप्रेस निकालात शुल्क रद्द न करता सरकारला फेरविचार करण्यास सांगण्यात आले.

‘जादा पोलिसां’चा कर हा यातील खास भारतीय अध्याय होय. १८६१ च्या पोलीस अधिनियमाच्या कलम १५ नुसार अशांत भागात जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च तेथील रहिवाशांकडून वसूल करता येई. २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेल्यानंतर शहरावर असाच भार टाकण्यात आला. गुन्हेगार सापडण्याआधी शिक्षा साऱ्या गावाला, हे त्याचे स्वरूप. स्वातंत्र्यानंतरही कलम कायम राहिले. राजस्थान सरकारने झुंझुनू जिल्ह्यातील २४ गावांवर दरोडेखोरांना आसरा दिल्याच्या कारणावरून ते लावले आणि हरिजन व मुस्लिम रहिवाशांना वसुलीतून वगळले. या दोन समाजांतील बहुसंख्य लोक कायदा पाळणारे आहेत, असा सरकारचा युक्तिवाद होता. ‘राजस्थान राज्य विरुद्ध ठाकूर प्रतापसिंह’ (१९६०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही सूट धर्म, जात इत्यादी कारणांवरून भेदभावास मनाई करणाऱ्या अनुच्छेद १५(१) चा भंग ठरवली : इतर समाजांत कायदा पाळणारे कोणी नव्हते, असे सरकारनेही म्हटले नव्हते.